घडी कोणी मोडायची

राघवेंद्र भाऊजींनी नांदेडहून जीपमध्ये घालून दोन सायकली आणल्या आणि चहा यायच्या आत मला सायकल म्हणजे काय ते समजावून सांगायला घेतलं. मी आतल्या खोलीत मिहिरला पाजत होते. दाराला पडदा होता, म्हणून ते पडद्याला समजावत होते. मिहिर मधेच दूध सोडून आवाजाकडे कान लावायचा, माझ्याकडे बघायचा, आणि यात काही नाही असं ठरवून पुन्हा प्यायला लागायचा. सात महिन्यांचा आहे, पण माणसं लवकर ओळखतो.

दोन्ही सायकली घडीच्या. एक वीस इंची चाकांची, सात गिअरची, चौदा किलो. ती भाऊजींची स्वतःची. दुसरी सोळा इंची, बिनगिअरची, अकरा किलो, कोरी. ती मी त्यांच्याकरवी मागवलेली. त्यांचं म्हणणं असं की रोजच्या येण्याजाण्याला कुठलीही चालते, खरी परीक्षा लांब पल्ल्याची. लहान चाकाला साधा खड्डासुद्धा विहिरीएवढा. वीस इंचीवर ते स्वतः सहस्रकुंडला जाऊन आले होते, आणि धबधब्यासमोरचा तो फोटो आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर होता. सोळा इंची म्हणजे सर्कशीतल्या अस्वलाची. तेव्हा मी त्यांची वीस इंची ठेवून घ्यावी, कोरी परत करावी, म्हणजे त्यांनाही आणखी मोठी घ्यायला बरं. चढ, उतार, वारा, खोगीर अशी दोन्हींची तुलना त्यांनी कागदावर मांडून आणली होती. तो कागद त्यांनी पडद्याखालून आत सरकवला.

मला सहस्रकुंडला जायचं नव्हतं. मला तीन किलोमीटर जायचं होतं.

सोमवारपासून मी क्लासला पुन्हा शिकवायला लागणार होते. बारावीच्या मुलांना केमिस्ट्री. पहिली बॅच अकरा दहाला सुटते, दुसरी बाराला बसते. मधल्या पन्नास मिनिटांत घरी यायचं, मिहिरला पाजायचं, परत जायचं. बाटली तो तोंडाला लावत नाही. वाटी-चमच्यानं दिलेलं दूध माझ्याकडे बघत बघत हळूच बाहेर सोडतो, जसं काही मलाच परत देतोय. आणि क्लासचे मालक निवृत्ती सर सांगून बसले होते की बाराची बॅच एकदा जरी उशिरा बसली तर ती दुसऱ्याला जाईल.

साधी सायकल का नको, असं ज्यानं विचारावं त्यानं लातूरची ट्यूशनची गल्ली पाहिलेली नसते. आमच्या क्लासच्या इमारतीखाली आठशे सायकली लागतात, एकीच्या हँडलात दुसरीचं हँडल. सकाळी आत लावलेली सायकल अकराला काढायची तर आधी चाळीस उचलाव्या लागतात. अकरा दहाला तीन क्लास एकदम सुटतात, तेव्हा रिक्षा गल्लीच्या तोंडालाच अडकते. म्हणून सायकल हवी, आणि ती दुसऱ्या मजल्यावर, स्टाफरूममधल्या माझ्या टेबलाखाली मावायला हवी. टेबलाखालची जागा मी ओढणीला गाठी मारून मोजून आणली होती.

भाऊजी फोनवर बोलायला अंगणात गेले तेव्हा मी मिहिरला सासूबाईंकडे दिलं आणि दोन्ही सायकलींच्या घड्या घालून बघितल्या. बिजागरीच्या खटक्याला आधी एक बारीक खीळ असते. ती वर ढकलली की खटका सुटतो, मग सायकल लंगोटासारखी दुमडते. भाऊजींच्या सायकलीच्या बिजागरीवर कंपनीचं प्लॅस्टिक तसंच होतं, ते मला फाडावं लागलं. मला वाटलं, फार जपून वापरतात. वीस इंची गाठींच्या बाहेर गेली. सोळा इंची आत बसून वर चार बोटं जागा उरली. मी तसं सांगितलं.

भाऊजी म्हणाले, "मग टेबल बदलून घ्या."

भूकंपाच्या साली मी पहिलीत होते. किल्लारीच्या अलीकडे आमचं गाव. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलो त्या आठवड्यात गाडीतनं एक गृहस्थ उतरले आणि आमच्यासमोर उभं राहून माझ्या आईला, घर कसं बांधायला हवं होतं, ते सांगू लागले. दगडमातीच्या भिंती किती जाड होत्या, त्या तशा का नसाव्यात, माळवदावर किती माती असावी. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना तांब्याभर पाणी दिलं. तेव्हापासून तो आवाज कुठंही ऐकला की मी पाणी आणायला उठते. त्या दिवशी भाऊजींना मी तीनदा पाणी दिलं. ते म्हणाले, धाकट्याची बायको फार अगत्याची.

सोळा इंचीच ठेवायची हे मी ठरवलं. पण मधे सासूबाई बोलल्या. त्या औश्याच्या, आणि रीतभात त्यांच्या तोंडपाठ.

"नवी हाय ना? मग थोरल्याला घडी मोडू दे आधी."

आमच्याकडे नवं लुगडं आधी जावेला नाहीतर नणंदेला नेसायला देतात. तिनं घडी मोडली की मग आपण नेसायचं. सायकल घडीची म्हटल्यावर सासूबाईंनी तिला तोच न्याय लावला. भाऊजींना हे फारच पसंत पडलं. ते म्हणाले, औश्याला जाऊन येतो, वीस किलोमीटर जायचे, वीस यायचे. ही लांब पल्ल्याला कशी फजिती करते ते कागदावरच देतो. रविवारी अमावस्या, म्हणून मुहूर्त निघाला सोमवार पहाटेचा. मी दोनदा सांगितलं की मला ती अकराच्या आत क्लासखाली लागेल. ते म्हणाले, नऊलाच आणून उभी करतो. हे नोकरीपायी नांदेडला असतात, त्यांना फोन केला तर म्हणाले, दादा बोलला म्हणजे आणेल. ह्यांची दादांवर भक्ती आहे. भक्तीला घड्याळ नसतं.

सोमवारी मी रिक्षानं गेले. नऊ वाजले, दहा वाजले. फळ्यावर लिहिताना माझी एक नजर खिडकीतून खाली होती. साडेदहाला दूध भरून आलं. ते घड्याळापेक्षा खरं असतं. तिकडं मिहिर उठलेला असणार. अकरा दहाला मी जिना उतरले. खाली भाऊजी नव्हते. फोन केला तर म्हणाले, आलोच, आणि लगेच ठेवला. मी चालायला लागले. चालत तीन किलोमीटर जाऊन परत येणं होणार नाही हे मला कळत होतं, पण उभं राहवेना.

गल्लीच्या तोंडाशी भाजीचा एक टेम्पो थांबला. कोथिंबिरीच्या पेंढ्यांतून आधी सायकल उतरली, उघडीच्या उघडी, आणि तिच्यामागून भाऊजी. त्यांच्या कानाजवळ कोथिंबिरीचं एक पान चिकटलं होतं. औश्याला जाताना गुडघे भरून आले, म्हणून परत एसटीनं यायचं ठरवलं. कंडक्टर म्हणाला घडी घाला, सायकल अशी आत घेत नाही. एकामागून एक तीन गाड्या गेल्या.

"बिजागरी जाम हाय. कंपनीचाच दोष," ते म्हणाले. "मी कागदावर लिहिणार आहे."

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी सायकल त्यांच्या हातातून घेतली आणि बसले. गर्दीतनं ती मासोळीसारखी निघाली. कुणीतरी मागून सर्कस म्हणालं. असेल. अकरा मिनिटांत मी घरी होते. सासूबाईंच्या खांद्यावर मिहिर रडून रडून थकला होता. त्याचे कान लाल झालेले, मुठीत त्यांच्या पदराचं टोक. माझा वास लागला तसा तो गप्प झाला आणि रागानं प्यायला लागला. मग राग विसरला. मग डोळे मिटून नुसताच ओठ हलवत राहिला. पंधरा मिनिटं. एवढी पंधरा मिनिटं सोडून मी जगातल्या कुठल्याही धबधब्यासमोर उभी राहणार नाही.

अकरा सत्तावन्नला मी क्लासखाली परत आले. भाऊजी पायरीवर बसले होते आणि शेजारच्या पालकांना वीस इंची चाकाचे फायदे सांगत होते. मी खीळ वर ढकलली, खटका ओढला, सायकल दुमडली, हँडल खाली पाडलं. भाऊजी बोलता बोलता थांबले. आता त्यांचा तो फोटो मला नीट आठवला. धबधब्यासमोर सायकल, सायकलीला टेकलेले भाऊजी, आणि डाव्या कडेला जीपच्या बोनेटचा एक कोपरा.

पिशवीतली पाण्याची बाटली काढून मी त्यांच्या हातात दिली आणि सायकल उचलून जिना चढले. टेबलाखाली ती बसली, वर चार बोटं जागा ठेवून. बाराची बॅच बाराला सुरू झाली.

संध्याकाळी मी पुन्हा पडद्याआड मिहिरला घेऊन बसले होते. बाहेर भाऊजींचा चहा चालला होता. कागद मात्र आज निघाला नव्हता. सासूबाईंनी विचारलं, "मग? मोडली का रे घडी?"

भाऊजींनी बशीत चहा ओतला. म्हणून मीच आतून म्हणाले, "मोडली की त्यांनी. घालता नाही आली."

मिहिरनं दूध सोडून बाहेरच्या शांततेकडे कान लावला. तिच्यात काहीतरी आहे असं वाटून तो बराच वेळ ऐकत राहिला.