धूमकेतूची रांगोळी

अशी कल्पना करा. बोरीवलीत दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ आहे. गॅलरीत कंदील डुलतोय, खाली कुणीतरी सुतळी बॉम्ब लावून पळतंय, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात जेवणाच्या टेबलावर मात्र रात्र आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर काळंभोर आकाश, आणि त्यात मिठाचे दाणे सांडावेत तसे तारे. या आकाशासमोर खुर्चीत मांडी घालून बसलेली, शेजारच्या घरातली दहा वर्षांची गार्गी म्हणजे तुम्हीच, असं समजा.

"मधुआजी, दिवसा तारे कुठून आणलेस?"

"चिलीमधून. पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला आहे तो देश. आपल्याकडे ऊन, तिकडे रात्र. तिथल्या डोंगरावरची दुर्बीण फोटो काढते आणि मला पाठवते."

"म्हणजे तू इथेच बसून बघतेस? पुऱ्या तळता तळता?"

"आता बसते. तरुणपणी दोन-दोन स्वेटर घालून डोंगरावर जावं लागायचं."

मधुवंतीबाईंचं सगळं आयुष्य ठिपके बघण्यात गेलं होतं. कामाची रीत साधी होती. आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने तीन फोटो घ्यायचे आणि पडद्यावर एकामागून एक भराभर लावायचे. तारे आपापल्या जागी राहतात. एखादा ठिपका मात्र पुढे सरकतो. तो लघुग्रह, म्हणजे सूर्याभोवती फिरणारा एक धोंडा. असे कितीतरी धोंडे त्यांनी शोधले होते. एकाला त्यांनी शाळेतल्या नीलाबाईंचं नाव दिलं होतं, एकाला चारकोपचं, कारण त्या तिथे वाढल्या होत्या. पण लघुग्रहाला स्वतःचं नाव द्यायची पद्धत नाही. शोधणाऱ्याचं नाव लागतं ते धूमकेतूला. आणि धूमकेतू त्यांना एकदाही सापडला नव्हता. या महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या.

काल त्यांना एक ठिपका दिसला होता. फार सावकाश सरकणारा, आणि एका बाजूला किंचित धुरकट. शेपटीसारखा. पण एकदा बघून भागत नाही. तोच ठिपका दुसऱ्या दिवशी पुन्हा सापडावा लागतो. त्यांना कुणाचा तरी असा डोळा हवा होता, ज्याला यातलं काहीच माहीत नाही. काय हवंय ते आधी सांगितलं, की बघणाऱ्याला तेच दिसायला लागतं. म्हणून त्यांनी गार्गीला बोलावलं होतं आणि एवढंच म्हटलं होतं, "फोटो आले की बघ, काय दिसतं ते सांग."

तेवढ्यात चकल्यांची ताटली घेऊन श्यामसुंदर आजोबा आले.

"काय गार्गीबाई, दिसलं का शेपूट? आज आमच्या घरात धूमकेतू येणार! धूमकेतू मधुवंती! पेपरात फोटो, सोसायटीत पेढे!"

"अहो!" मधुवंतीबाईंनी कपाळाला हात लावला. "लावलीत ना वाट!"

"मी काय केलं? चकल्या आणल्या."

पण आता गार्गीला सगळं कळलं होतं. ती खुर्चीतच उभी राहिली. "आजी! तुझ्या नावाचा धूमकेतू? खरंच? झकास!"

फोन वाजला. पवईहून धवलचा होता. तो मधुवंतीबाईंचा एकेकाळचा विद्यार्थी, आता बरोबरीने काम करायचा. "मॅडम, डोंगरावर ढग आलेत. फोटोंना थोडा वेळ लागेल."

गार्गीला कुठला दम निघायला! तिने घरून रांगोळीचा डबा आणला आणि आजीच्या दारात बसकण मारली. मध्ये एक ठसठशीत पांढरा ठिपका काढला, आणि त्याला फराटे ओढत ओढत शेपूट काढलं, थेट जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत. आजोबा बघायला आले. "गार्गे, लोकांनी पाय कुठे ठेवायचे?"

"उडी मारून या म्हणावं. धूमकेतू आहे!"

आतून हाक आली. "गार्गी, आले गं फोटो!"

ती रांगोळीच्या हातांनीच धावली आणि ओरडली, "दिसलं! शेपूट दिसलं!"

"बाळा, फोटो अजून उघडतोय," मधुवंतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनाही हसू आवरलं नाही. "शेपूट विसर. आधी हलणारा ठिपका शोध."

तीन फोटो एकामागून एक लागू लागले. पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला. गार्गी डोळे ताणून बघत होती. तारे, तारे, तारे. आणि मग...

"हा! हा हलला! आजी, शप्पथ! हा बघ, जरासाच!"

मधुवंतीबाई पुढे वाकल्या. होता! हिशेबाने जिथे असायला हवा होता, नेमका तिथेच. काल दिसलेला ठिपका आज परत आला होता. त्यांचा श्वास भरभर चालू लागला. इतक्या वर्षांनीही तो असाच चालायचा.

"आता शेपूट?" आजोबांनी दारातूनच विचारलं.

गार्गीने आजीकडे पाहिलं, मग ठिपक्याकडे. ठिपका टाचणीच्या टोकासारखा स्वच्छ होता.

"कालचा फोटो लाव ना," ती हळूच म्हणाली.

आजीने तो शेजारी लावला. गार्गीने कालच्या फोटोतल्या धुरकट जागेवर बोट ठेवलं. जवळ तीन तारे होते, त्रिकोणासारखे. मग तिने आजच्या फोटोत तोच त्रिकोण शोधला. धुरकट पुंजका तिथेच होता. एकटा.

"आजी, शेपूट इथेच राहिलंय. ठिपका पुढे गेला."

मधुवंतीबाई पडद्याकडे बघत राहिल्या. "बरोबर," त्या म्हणाल्या. "तो पुंजका लांबच्या ताऱ्यांचा आहे. काल आपला धोंडा त्याच्या समोरून जात होता, म्हणून दोघं एक वाटले."

त्यांनी धवलला फोन लावला. "लघुग्रह आहे. शेपूट नाही. तसंच कळव."

"मॅडम, अजून एक दिवस बघूया का? कदाचित..."

"नको रे. जे दिसलं ते कळव."

आजोबांनी एक चकली मोडली आणि मोठा तुकडा बायकोपुढे धरला. गार्गीचे डोळे भरून आले होते.

"मी दिसतंय म्हणाले असते तर?"

"तर त्याला शेपूट फुटलं असतं का?" मधुवंतीबाईंनी तिच्या नाकावरची रांगोळी पुसली. "अगं, आपला ठिपका सापडला! कालपर्यंत तो कुणालाच माहीत नव्हता, असं दिसतंय. आता तो कुठे कुठे जातो, ते बघत राहायचं. एकदा वाट नीट कळली, की मग नाव."

"किती दिवस बघायचं?"

"दिवस? वर्षं लागतील. मी निवृत्त झाले तरी कुणीतरी बघायलाच हवं."

गार्गी बाहेर दारात गेली. रांगोळीपाशी उकिडवी बसून तिने तळहाताच्या कडेने ते लांबलचक शेपूट सावकाश पुसून काढलं. ठिपका तेवढा ठेवला. मग चिमूटभर रांगोळी घेऊन त्याच्या शेजारी, किंचित पुढे, दुसरा ठिपका टाकला. मग तिसरा. सरकत सरकत ती जिन्यापाशी पोचली, तेव्हा फरशी संपली. गार्गीने डबा उचलला आणि पुढचा ठिपका पहिल्या पायरीवर टाकला.