मागून आलेलं पॅकेज

वाचा-उपचार केंद्राच्या बाईंचा फोन आला तेव्हा ऑफिसात ताईने नुकताच डबा उघडला होता.

"अहो, आवाज संथ करायचं बटण दाबलं की सगळं बंदच पडतंय. पोरं ताटकळलीत!"

ताईने डबा बाजूला सारला. अडखळत बोलणाऱ्या मुलांना शब्द सावकाश ऐकवणारं ते ॲप तिनेच लिहिलं होतं. त्यातलं आवाज वाजवणारं पॅकेज, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार कोड, तिने सकाळीच बदलून नव्या आवृत्तीचं घेतलं होतं.

शेजारी तात्या बसायचा. वय तिशीचं, बोलणं आजोबांचं, म्हणून हे नाव. तो म्हणाला, "जुनंच परत टाक आणि मोकळी हो."

तिने टाकलं. केंद्राचं काम सुरू झालं, पण तिला चैन पडेना. उकरता उकरता तिने कपाळावर हात मारला.

"तात्या, आवाज संथ करणारं पॅकेज आपण कधी मागवलंच नव्हतं रे! वाजवणाऱ्याला लागायचं म्हणून त्याच्या मागून आलं. आयतं हाताशी दिसलं, मी वापरत बसले. नव्या आवृत्तीला त्याची गरज नाही. ते गेलं आणि आपण तोंडघशी!"

"म्हणजे पाहुण्यासोबत आलेल्याला तू घरकामाला जुंपलंस. आता पाहुणा एकटाच आला, तर चूल बंद!"

हसू आवरत तिने ते पॅकेज थेट आपल्या नावावर मागवलं. मग वाजवणारं पुन्हा नवं केलं. बटण चाललं. पण संथ करणाऱ्या पॅकेजच्या पानावर ते लिहिणाऱ्या बाईंची सूचना होती: कुणी वापरत नसावं, लवकरच बंद करते आहे.

ताईने घाईघाईने त्यांना चार ओळी खरडल्या, खाली आपला नंबर दिला. थोड्याच वेळात फोन आला. पलीकडे त्याच बाई होत्या, निवृत्त ध्वनिमुद्रक.

"थेट मागणारं आजवर कुणी भेटलंच नाही हो," त्या म्हणाल्या. "भावाला पक्षाघाताचा झटका आला, भरभर बोललेलं कळेना, म्हणून केलं होतं मी ते."

"आता कसे आहेत ते?"

"आता मलाच बोलू देत नाही! पण माझे डोळे साथ देत नाहीत. एकटीने निभत नाही."

"मग निम्मं मी बघते. बंद नका करू."

"निम्म्यात मीही आलो!" तात्या शेजारून ओरडला.

 पलीकडून बाईंनी लगेच विचारलं, "त्यातली एक चूक कधीची सापडत नाहीये. घेताय का बघायला?"

ताईने खुर्ची पुढे ओढली.