चरबीचा बुरूज

रोमानियातल्या त्या गावातली सॅक्सन, म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी येऊन वसलेली जर्मन, माणसं एकेक करून जर्मनीला निघून गेली, वसंतात उरलेला एकच सोबती, शेजारचा सिमोनही मातीआड झाला, आणि टेकडीवरच्या चर्चची वीतभर लांब किल्ली म्हाताऱ्या आग्नेथाकडे आली. आता गावात सॅक्सन म्हणावी अशी ती एकटीच.

चर्च कसलं, निम्मा किल्लाच तो. तुर्कांनी खाली घरं जाळायची आणि गावानं वर तटाआड जीव मुठीत धरून बसायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. म्हणून तटाला आतून घरटी एक धान्याची खोली, वेदीच्या माथ्यावर बाण सोडायच्या फटी, आणि कोपऱ्यात चरबीचा बुरूज. तिथं प्रत्येक घराचा एक लोखंडी आकडा, आकड्याला टांगलेला डुकराच्या खारवलेल्या चरबीचा पट्टा. भुकेला माणूस भावालाही ओळखत नाही, हे जाणून जुन्या लोकांनी नियम घातला: रविवारीच कापायचं, आणि दुसऱ्या आकड्याचा धनी शेजारी उभा असेल तरच. वेढे संपले, नियम राहिला.

सिमोन गेल्यापासून आग्नेथानं सुरी लावली नव्हती. दर रविवारी ती धापा टाकत वर जायची, आपल्या पट्ट्याकडे बघायची आणि घरी येऊन पावाला आलुबुखाऱ्याचा मुरंबा लावायची. गुपचूप कापलं असतं तर कोण विचारणार होतं? पण खरं सांगायचं तर तिला चरबीची भूक नव्हतीच. शेजारी कुणीतरी उभं राहावं, एवढीच तिची भूक होती.

शेवटी एका रविवारी अभिमान गिळून तिनं समोरच्या ट्रायानचं दार वाजवलं. तो रोमानियन, त्याचं चर्च वेगळं. त्याच्या लोकांना बुरुजात कधी पाऊल टाकू दिलेलं नव्हतं.

"ट्रायान, बुरुजात येतोस का जरा?"

"चरबीच्या? मावशी, तब्येत बरी आहे ना?"

"थट्टा पुरे. येतोस की नाही?"

"येतो की. लहानपणी बाहेरून भिंतीला नाक लावून वास घ्यायचो आम्ही. तुमच्या सिमोननं असा कान पिळला होता, थंडीत अजून ठणकतो."

आत गेल्यावर त्यानं टोपी काढली. रिकाम्या आकड्यांच्या ओळी तो बराच वेळ बघत राहिला. आग्नेथानं सिमोनचा आकडा दाखवला.

"हा आजपासून तुझा. आता उभा राहा नीट."

तो खरंच नीट उभा राहिला. तिनं कापलं, मागाहून कुणी चोरून कापलं तर कळावं म्हणून कापलेल्या कडेवर घराचा शिक्का मारला आणि पहिला तुकडा त्याला दिला. कित्येक महिन्यांनी तिला हलकं वाटलं.

"पुढच्या रविवारी तुझा पट्टा आण. आकडा घेतलास म्हणजे यावंच लागेल, सांगून ठेवते."

ट्रायान चावायचा थांबला. "मावशी, मी गुरुवारी स्पेनला चाललोय. पोरीकडे. घर विकलं."

"कायमचा?"

"कायमचा."

आग्नेथा धान्याच्या पेटीवर बसली. "आधी बोलावलं असतं, तर राहिला असतास?"

"माझं नाही सांगता येत. पण बायको होती तेव्हा बोलावलं असतंत, तर ती धावत आली असती. दिवसभर तुमच्या खिडकीकडे बघत बसायची. पोरं परदेशी गेल्यावर तिला अजिबात करमत नव्हतं."

ती बाई आग्नेथाला चांगली आठवत होती. निळा रुमाल, लंगडता पाय, अंगणातली बदकं. जन्मभर दोघींच्या दारांमध्ये एक रस्ता होता.

"ट्रायान," तिनं खाली बघत विचारलं, "तिचं नाव काय होतं रे?"