सास्तूरची घार

माझा स्वभाव तापट आहे, हे येडशीत कुणालाही विचारा. माझं वेल्डिंगचं दुकान आहे आणि दुकानामागं मीच जोडलेले सात पिंजरे. तारेत अडकलेली, गाडीला धडकलेली, उन्हानं खाली पडलेली घार असो, घुबड असो की गरुड, वनखात्याची माणसं ते माझ्याकडं आणून देतात. पक्षी बरे करण्यात माझा हातखंडा आहे. माणसांशी बोलण्यात नाही. बायको म्हणते, "बुद्धघोष नाव ठिवलंय आईबापानं, पण जिभंला काय हाड हाय का तुमच्या?" मी ते हसण्यावारी न्यायचो.

चैत्रात सास्तूरहून एका बाईंचा फोन आला. विजेच्या लाइनीसाठी गावाबाहेरचा लिंब पाडला होता, त्याच्यावरचं घारीचं घरटं खाली आलं होतं आणि पिल्लाच्या पंखाला लागलं होतं. माझे सातही पिंजरे भरलेले, एका हातात वेल्डिंगचा होल्डर, समोर ट्रॉलीवाला बोंबलतोय. मी म्हणालो, "जखम मिठाच्या पाण्यानं पुसा. चिकनचे बारीक तुकडे द्या. दूधभात देऊ नका. तीन आठवड्यांनी घेऊन या." बाई पुढं काहीतरी सांगत होत्या, तेवढ्यात मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत केला, तर मी म्हणालो, "बाई, सांगितलं तेवढं करा. सारखा फोन नका करू." उचलली जीभ लावली टाळ्याला.

बरोबर तीन आठवड्यांनी त्या एसटीतून उतरल्या. पंचावन्नच्या आसपास वय, गळ्यात लिंग, दोन्ही हातांनी धरलेला खोका, त्याच्यावर धुतलेल्या लुगड्याचा तुकडा. नाव इरम्मा. एकवीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळलेली बाई. लिंगायताचं घर, जिथं अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि ही बाई गावात बोभाटा नको म्हणून दोन दिवसाआड तालुक्याच्या गावी, लोहाऱ्याला जाऊन चिकन आणत होती. सासूनं तिच्या हातचं जेवण सोडलं होतं. हे सगळं तिनं खोका खाली ठेवायच्या आत सांगितलं, तक्रार म्हणून नाही, एसटी कुठं कुठं थांबली ते सांगावं तसं.

"वजन बघा दादा, कसं वाढलंय," म्हणत तिनं एक कागद पुढं केला. बाळांचं काढतात तसा पिल्लाच्या वजनाचा तक्ता होता.

मी खोका उघडला. पिल्लू छातीवर पडलेलं होतं. डोळे लखलखीत, पिसं चकाकणारी, आणि पाय दोन्हीकडं फाकलेले. उचललं तर सांधा नव्हता तिथं पाय वाकला. ओल्या तुराटीसारखा. पिल्लू ओरडलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काय चारलंत ह्याला?"

"चिकनच, दादा." इरम्मा घाबरून म्हणाली. "तुमी सांगितलं तसं. हाडं घशात अडकतील म्हणून खाटकाकडनं एकएक काढून घेतली. कातडं न्हाय, पीस न्हाय. तीन पाण्यानं धुतलं. हे बघा की."

तिनं पिशवीतून दुसरा कागद काढला. अंगणवाडीच्या ठसठशीत अक्षरात माझ्या चार ओळी होत्या, तारीख आणि वेळ घालून. मीठपाणी. चिकनचे बारीक तुकडे. दूधभात नाही. तीन आठवडे. मी त्या दोनदा वाचल्या. हाडाबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

घार उंदीर खाते, सरडा खाते, तो हाडासकट खाते. वाढत्या पिल्लाला नुसतं मऊ मांस दिलं तर वजन वाढतं आणि हाडं कच्चीच राहतात. हे मला झोपेतही ठाऊक आहे. आमच्या घरात लहानपणापासून नळी चोखल्याशिवाय रविवार झाला नाही, त्यामुळं चिकन म्हणजे हाड आलंच असं मी धरून चाललो. जिनं जन्मात मांस शिवलं नाही तिला ते कुठून कळणार? तिनं आपल्या जिवाभावाच्या पाहुण्याला द्यावं तसं निवडून, धुऊन दिलं. आणि विचारायला फोन केला, तेव्हा मी तिला गप्प केलं.

धाराशिवला जनावरांच्या डॉक्टर भैरवीकडं आम्ही अकराला पोचलो. तिनं एक्स-रे उजेडासमोर धरला. दोन्ही पाय आणि एक पंख मिळून पाच ठिकाणी हाड दुमडलेलं होतं.

"खिळा बसव," मी म्हणालो.

"बुद्धघोष, खिळा बसवायला आधी हाड लागतं."

"पट्ट्या बांधू. कॅल्शियम दे. मी त्याला जन्मभर पिंजऱ्यात ठेवतो. उडलं नाही तरी चालंल."

"ते उभं राहू शकत नाही. हलवलं की दुखतंय त्याला." भैरवी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे, तरी त्या दिवशी ती मला समजावत होती आणि मी टेबलाची कड धरून नुसता "तरी पण, तरी पण" करत होतो. शेवटी ती म्हणाली, "सोडवू या त्याला." मला रडू आलं. दुकानात बोट कापलं तेव्हाही आलं नव्हतं.

इरम्मा बाहेर बाकड्यावर बसली होती. मला बघून उठली.

"दादा, एकवीस वर्सं पोरांची वजनं करतीय मी. असे पाय मुडदुशीच्या पोराचे व्हतात. माझ्या चारण्यातनं झालं का?"

सासूचं सुटलेलं जेवण, लोहाऱ्याच्या चकरा, तीन पाणी, सगळं माझ्यापुढं आलं. मी म्हणालो, "न्हाय हो ताई. जन्मताच हाडं कच्ची व्हती. तुमचा काय दोष न्हाय."

तिनं डोळे मिटले, लिंगाला हात लावला. "मग बरं. घरी दुसरं हाय, त्याला असंच साफ करून देते."

"दुसरं?"

"दोन व्हती की. पयल्या दिवशी फोनवर तेच सांगत व्हते. तुमी ठिवला फोन."

खोटं बोलायला मला क्षण लागला नव्हता, खरं बोलायला मात्र बाकड्यावर बसावं लागलं.

"ताई, म्या खोटं बोललो. मुडदूसच हाय. हाडं काढली म्हणून झालं. पण काढू नका असं म्या सांगितलंच न्हाय. तुमी विचारायला फोन केला, तो बी म्या तोडला."

ती रडली नाही, चिडली नाही. एखादं पोर वजनात घसरलं की अंगणवाडीच्या बाया बघतात, तसं माझ्याकडं बघत राहिली. चिडली असती तर बरं झालं असतं. मग आत गेली, पिल्लू मांडीवर घेतलं, आणि भैरवीनं सुई दिली तेव्हा त्याच्या पाठीवरचा हात तिनं शेवटपर्यंत काढला नाही.

वैशाखाच्या भर दुपारी मी मोटरसायकल सास्तूरकडं काढली. मागं इरम्मा, तिच्या मांडीवर रिकामा खोका. लोहाऱ्यात मी कोंबडीच्या माना आणि पंख घेतले, पिसांसकट.

दुसरं पिल्लू पडवीत टोपलीखाली होतं. मी टोपली उचलली. ते उभं होतं. पण पाय आतल्या बाजूला वळायला लागले होते आणि दोन पावलांत ते बसलं. मी हळूच दाबून बघितलं. हाड लवत होतं, दुमडलं नव्हतं.

"वाचंल?" इरम्मानं विचारलं.

"सांगता येत न्हाय. आठ दिवसांत कळंल."

"हाड कसं फोडायचं ते दाखवा."

मी अंगणात दगड शोधायला लागलो. ती घरात गेली आणि स्वयंपाकघरातला वरवंटा घेऊन आली. आतून सासू कानडीत ओरडत होती, इरम्मानं मागं वळून पाहिलं नाही. पायरीवर बसून तिनं कोंबडीच्या मानेवर वरवंटा घातला. पहिला घाव पडला तेव्हा तिचं तोंड वाकडं झालं. दुसऱ्याला नाही झालं. पिसासकट, हाडासकट एक तुकडा पिल्लानं गिळला, दुसऱ्याला चोच उघडली.

हात धुऊन ती परत आली. पिशवीतून तो चार ओळींचा कागद काढला, गुडघ्यावर ठेवला, खाली पाचवी ओळ लिहिली. मग पेन्सिल तशीच धरून माझ्याकडं बघितलं.

"आनखी काय सांगायचं ऱ्हायलंय का, दादा?"

खिशात माझा फोन वाजत होता. तो बंद केला, तिच्या शेजारी पायरीवर बसलो, आणि हाडाला सकाळचं ऊन लागतं, तिथपासून सुरुवात केली.