बसल्याशिवाय चहा नाही

मी थर्मास बोलतोय. बाहेरून निळा पत्रा, आतून काच, आणि डोक्यावरचं झाकण म्हणजेच कप. माझं काम एकच, चहा गरम ठेवायचा, आणि ते मी आजवर चोख केलंय. पण गरम ठेवलेला चहा कुणीतरी प्यावासुद्धा लागतो, एवढी साधी गोष्ट शिकलेल्या माणसांना कळत नाही. म्हणून मी वैतागलोय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला आठवत नाही. आठवतं ते नागपूरचं सीताबर्डीतलं भांड्यांचं दुकान. तिथून मनोहररावांनी मला उचललं, कारण त्यांचा लहानगा परीक्षित टायफॉईडनं दवाखान्यात होता आणि त्याला पेज न्यायची होती. पोरगा बरा झाला आणि मला चहाच्या कामावर बढती मिळाली. मग रामटेक म्हणू नका, चिखलदरा म्हणू नका, मी सगळीकडे.

मनोहररावांचा एक नियम होता. सगळे बसल्याशिवाय थर्मास उघडायचा नाही. एक जण चपला शोधतोय, एक जण उभाच आहे, असलं चालायचं नाही. उभ्यानं पितात तो काढा, असं ते म्हणायचे. सगळे टेकले की त्यांची बायको, सुनेत्राबाई, माझं झाकण फिरवायच्या. आणि गंमत अशी की चहा ओतला की माणसं आपोआप बोलायला लागायची. त्या घरातल्या मोठ्या गोष्टी सगळ्या माझ्यासमोर ठरल्या. परीक्षितनं अमेरिकेला जायचं, हेसुद्धा.

मग मनोहरराव गेले. परीक्षित आधीच अमेरिकेत होता. मी माळ्यावर, फुटक्या बरण्यांच्या शेजारी. किती तरी उन्हाळे तिथं काढल्यावर २००७ साली सुनेत्राबाईंनी मला खाली काढलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि लेकाकडे अमेरिकेत, पार्सिपनीला आणलं. मला वाटलं, आपले दिवस पालटले. कसले पालटतात!

त्या घरात कुणी बसतच नाही. परीक्षित उभ्यानं सीरियल खातो. सून राधिका एका हातानं डबा भरते आणि दुसऱ्या हातानं ऑफिसच्या मेल बघते. बारा वर्षांची हिमानी जिन्यातच बूट घालते. चांगली माणसं आहेत, नाही असं नाही, पण पायाला भिंगरी. आणि घर भरून सोफे.

त्यातच परीक्षित त्या वर्षी सिटिझन झाला आणि त्यानं ठरवून टाकलं की आता आईचं ग्रीन कार्ड करायचं, आई कायमची इथेच. आईला विचारायचं असतं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. प्रेमच हो, पण आंधळं. लाँग वीकेंड संपला की मंगळवारी वकिलाकडे जायचं ठरलं.

सुनेत्राबाईंना इथे राहायचं नव्हतं. हे फक्त मला ठाऊक होतं. रोज सकाळी मला विसळताना त्या पुटपुटायच्या, "आज सांगतेच बघ याला. चहा घेताना सांगीन." उभ्याउभ्या सांगायची ती गोष्ट नव्हती. आणि हा बसेल तर शपथ.

अशात परीक्षितनं जाहीर केलं की वीकेंडला लॉवेलला जाऊ. मॅसॅच्युसेट्समधलं जुनं कालव्यांचं गाव आहे, कापडगिरण्या आहेत, कालव्यातून बोट जाते. एकदम रिलॅक्स ट्रिप, नो घाई. मग त्यानं त्या नो घाईचं वेळापत्रक केलं. त्यात गिरणी बघणे आणि जेवण यांच्यामध्ये 'निवांत बसणे' असा चक्क एक रकाना होता. मी कपाळाला हात लावला असता, पण मला हात नाहीत.

मोटेलमध्ये सुनेत्राबाईंनी खोलीतल्या कॉफी मेकरवर पाणी तापवलं. घरून आणलेलं आलं, चहापत्ती, गाळणी, सगळं बाहेर आलं. त्या कॉफी मेकरला बिचाऱ्याला काय वाटलं असेल कोण जाणे. दूध मायक्रोवेव्हमध्ये गरम झालं. मी काठोकाठ भरलो आणि पिशवीत तयार होऊन बसलो.

गिरणीत मागांचा असा खडखडाट होता की तिथे बोलणं शक्यच नव्हतं. बाहेर आलो तर कालव्याच्या काठी झाडाखाली सुरेख बाक. सुनेत्राबाई बसल्या. राधिका बसली. हिमानीसुद्धा बसली. झाकणाला हात लागला. आणि परीक्षितला आठवलं की पार्किंगची वेळ संपतेय. तो पळाला. परत आला तो घड्याळ बघतच. म्हणाला, आपण लेट आहोत, 'निवांत बसणे' स्किप करू, नाहीतर बोट जाईल.

झाकण पुन्हा घट्ट बसलं. सुनेत्राबाईंनी ते जरा जास्तच जोरात फिरवलं. काठावरून चालताना त्या पाण्याकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता. उद्या परतायचं, परवा वकील. मला त्यांचा रागही आला. अहो, पोटचा पोरगा आहे, धरा मनगटाला आणि बसवा. पण त्या तशा नाहीत.

बोट निघाली. परीक्षित कॅमेरा घेऊन पुढे उभा, मग मागे उभा. आणि मग आलं ते लॉक. म्हणजे कालव्यातली एक अरुंद खोलीच. बोट आत शिरली, मागचं लाकडी दार बंद झालं, पुढचं बंदच होतं. इंजिन थांबलं. आता बाहेरचं पाणी आत येऊन दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत पुढचं दार उघडणार नव्हतं. वाटाड्या बाईनं सगळ्यांना खाली बसायला सांगितलं.

परीक्षितनं विचारलं, किती वेळ लागेल. ती हसून म्हणाली, पाण्याला लागेल तेवढा.

तो बसला. खरंच बसला हो. सुनेत्राबाईंनी मला मांडीवर घेतलं. इथे अलाउड आहे का, असं परीक्षित कुजबुजला, तर राधिकानं त्या बाईला विचारून टाकलं आणि बाईनं मान डोलावली. झाकण फिरलं. आल्याचा वास सुटला. चहा अजून गरम होता, हे मी मुद्दाम सांगतोय.

पहिला कप परीक्षितच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "मंगळवारी वकिलाकडे नको जाऊस."

"का? वेगळी अपॉइंटमेंट घेऊ का?"

"अपॉइंटमेंट नको. ग्रीन कार्डच नको मला."

राधिकानं परीक्षितच्या शेजारचा कॅमेरा उचलून बंद केला. परीक्षित म्हणाला, "आई, इथे काय कमी आहे तुला?"

"कमी काही नाही रे. पण इथे दूध आणायलासुद्धा मला कुणीतरी न्यावं लागतं. तिकडे मी माझ्या पायांनी जाते."

"आणि एकटी काय करतेस तिकडे?"

"पोहते."

परीक्षितचा कप तोंडाशीच राहिला. मग त्यांनी सांगितलं. बाबा गेल्यावर शेजारच्या नीलांबरीनं ओढून नेलं, महापालिकेच्या तलावावर, सकाळच्या बायकांच्या बॅचला. आधी कठडा सुटेना. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. "पाण्यात उतरले की मी कुणाची विधवा नसते, कुणाची आई नसते," त्या म्हणाल्या. "आजी, दॅट्स सो कूल," हिमानी म्हणाली.

"मला कधी सांगितलं नाहीस," परीक्षित म्हणाला.

"केव्हा सांगू? तू फोन करतोस तेव्हा कायम ड्राइव्ह करत असतोस."

पाणी वर येत होतं, बोटीबरोबर आम्हीही. पुढचं दार उघडलं तेव्हा त्याच्या कपातला चहा तसाच होता. त्यानं तो एका घोटात संपवला आणि आईसमोर कप धरला. अजून दे, म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मंगळवारी तो वकिलाकडे गेला नाही.

सुनेत्राबाई नागपूरला परतल्या. मला मात्र ठेवून गेल्या. राधिकाला म्हणाल्या, परीक्षितला बसायला निमित्त लागतं. मला वाटलं, आता तरी. पण राधिकानं मला फ्रिजच्या वर ठेवलं आणि तिथेच माझा हिवाळा गेला, वॉफल मेकरच्या शेजारी. खाली तेच, उभ्यानं सीरियल, जिन्यात बूट. फोन गाडीतूनच. वर बसून मी जेवढं चडफडलो तेवढं माळ्यावरही चडफडलो नव्हतो.

आता २००८चा मे महिना आहे. आज सकाळी परीक्षितनं मला खाली काढलं. धूळ नीट पुसली नाही. आलं ठेचायच्या ऐवजी अख्खा तुकडा टाकला, साखर दुप्पट, आणि झाकण तिरकं बसवलं. मागच्या अंगणात गवतावर पाय पसरून तो बसला, मला शेजारी ठेवलं आणि नागपूरला फोन लावला.

पलीकडून आवाज आला, "काय रे, ड्राइव्ह करतोयस ना? मग नंतर बोलू."

"नाही आई," तो म्हणाला. "बसलोय. बोल."

तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल, फ्रिजवर नाहीतर माळ्यावर. त्याला खाली काढा. आणि आता मला रजा द्या, माझं झाकण उघडतंय.