सासूबाईंची जीभ

आमच्या इराणात, सावे गावाकडे डाळिंबाचा रस आटवायला ठेवला, की प्रत्येक घरचा पहिला चमचा माझ्या सासूबाईंच्या, तूरान खानूमच्या तोंडात जातो. त्या एकच शब्द बोलतात. ‘आंबट’ म्हणाल्या तर तुम्ही सुटलात. ‘तुरट’ म्हणाल्या तर तुम्ही दाण्यांबरोबर पांढरे पडदेही पिळलेत, म्हणजे तुम्ही आळशी, आणि ते वर्षभर पुरतं. मी अकरा वर्षं तुरट आहे.

यंदा उन्हाळ्यात त्यांना ताप आला. बऱ्या झाल्या. मग एकदा चहाबरोबर माझ्या हातून साखरेच्या खड्याऐवजी मिठाचा खडा गेला. तो दाढेत धरून त्यांनी अख्खा चहा प्यायला आणि म्हणाल्या, “आज बरा केलायस.” त्यांची चव गेली होती. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं जास्त वाटलं. यंदा मी पडदे काढायच्या भानगडीतच पडले नाही.

त्यांनी माझा चमचा तोंडात घेतला. “तुरट.”

चव गेलेल्या बाईला हे कळलं कसं?

मग शेजारची एफ्फत आली. ती काही बोलणार, तोच सासूबाईंनी तिचा चमचा तोंडात घातला. बराच वेळ जीभ टाळूला घासून पाहिली. “आंबट. छान आंबट.”

“खानूम, ही गोड डाळिंबं आहेत,” एफ्फत म्हणाली. “दिरानं भलत्याच झाडांची पोती आणली. तेच सांगायला आले होते.”

अंगणात आपापला रस ढवळणाऱ्या बायकांचे हात थांबले. सासूबाई चमच्याकडे बघत राहिल्या. मग तो पुन्हा चाटून पाहिला. अकरा वर्षं मी याच घटकेची वाट पाहिली होती आणि आता ती बघवेना. मी उठले, एफ्फतच्या वाडग्यात बोट बुडवून चाटलं. नुसता पाक होता.

“आंबट आहे की गं!” मी तोंड वाकडं केलं. “तुझ्या दिराला झाडं कधी ओळखता आलीत?”

एफ्फतनं माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या हातातल्या चमच्याकडे. “असेल बाई,” म्हणाली आणि वाडगा उचलून गेली.

सगळ्या पांगल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, “आंबट-गोड काही लागत नाही मला. तुरट तेवढं कळतं. ती काही चव नव्हे. जीभ नुसती आखडते. उद्यापासून माझ्या शेजारी बस. आंबट असलं की पायाला पाय लाव.”

मी त्यांच्याजवळ सरकले. “मग माझा रस, खानूमजान?”

“तुझा तुरटच आहे.”