एक दिवसाआडची गोळी

शिवणवाल्या बाईंचा रिपोर्ट डॉक्टरांनी दोनदा वाचला. गेली चार वर्षं बाईंच्या रक्तातला एचआयव्ही तपासणीत सापडतच नव्हता, इतका दबला होता. आणि आता आकडा एकदम हजारांत!

"ताई, गोळ्या चुकतायत का?"

"छे हो! डबी बघा, रिकामी आहे."

ते खोटं नव्हतं. फक्त एक दिवस गोळी बाई घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा नवरा.

नवरा न्हावी. दुकान दवाखान्याच्या बरोबर समोर. दवाखान्याचा जिना कोण चढलं, कोण उतरलं, याची चर्चा दाढीबरोबर फुकट. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! तो वाळत चालला तेव्हा आपल्याला काय झालंय हे त्यालाही उमगलं होतं, पण तो जिना चढायची छाती होईना. मग बाईंनीच थाप मारली, "मला जास्तीच्या मिळतात. एक दिवसाआड घ्या." जीव तुटत होता, दुसरं काय करणार बिचाऱ्या!

डॉक्टरांनी रिपोर्टमधला आकडा बोटाने दाखवला, तशा बाई रडल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

"अहो, अशाने दोघांचंही नुकसान. विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, औषधाला सरावतो. घेऊन या त्यांना."

बाई तशाच समोर गेल्या. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावणं चाललं होतं. नवऱ्याला मागे बोलावून त्या हळूच म्हणाल्या, "माझा आकडा वाढलाय हो. जास्तीच्या गोळ्या नव्हत्याच कधी."

"म्हणजे तुझ्यातल्याच...?"

बाईंनी मान हलवली. हातातला ब्रश त्याने ठेवून दिला. "बसा, आलोच," असं गिऱ्हाइकाला सांगून तो रस्ता ओलांडून भर दुपारी सगळ्यांच्या देखत जिना चढला. बाई मागोमाग.

डॉक्टरांनी रक्त घ्यायला त्याच्या दंडाला पट्टा बांधला. "घाबरू नका."

"माझं राहू द्या हो. हिचा आकडा खाली येईल ना?"

"रोज घेतली तर बहुतेक येईल. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. नाही आला तर औषध बदलू."

त्याने मोकळ्या हाताने खिसा चाचपला. आज पाळी त्याची होती. जेवणानंतर घ्यायची म्हणून सकाळी बाईंनीच कागदात बांधून दिलेली गोळी त्याने बाहेर काढली आणि बाईंच्या तळहातावर ठेवली.

"घे. आत्ता, माझ्यासमोर."